रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण माणूस पूर्ण परत आला का?

मंडळी, पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. विषय कोरोनाचा आहे. "आता कशाला ते उकरून काढायचं?" असं वाटेल. वाटू द्या, त्यावरच लिहायचंय.

२०२१ चा पावसाळा. राजमाची पॉइंटला मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाशी बोलत उभा होतो. त्यातल्या आजोबांनी विचारलं, "इथं एक्स्प्रेस वेवर एक जुना पूल होता ना हो? काय त्याचं नाव?" मी तोंड उघडलं आणि नाव येईना. त्या पुलाखालच्या ट्रॅफिक जॅमच्या किती बातम्या केल्या असतील याची गणती नाही. लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा मिळाला म्हणून ५ एप्रिल २०२० ला स्फोट लावून तो पाडला, तीही बातमी माझीच. त्याच रात्री नऊ वाजता सगळ्या देशानं दिवे लावले होते, हेसुद्धा आठवत होतं. नाव तेवढं येईना. शेवटी म्हणालो, "तो हो, डोकेदुखीच्या बामाचा!" आजोबाच म्हणाले, "हां, अमृतांजन पूल."

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत पोटात गोळा होता.

त्याआधी एप्रिलमध्ये मला कोरोना होऊन गेला होता. दुसरी लाट. ऑक्सिजन फार खाली गेला नाही, ॲडमिट व्हावं लागलं नाही, मागच्या खोलीत चौदा दिवस काढले. सगळ्यांच्या लेखी मी 'माइल्ड' केस. "देवाच्या कृपेनं थोडक्यात निभावलं," असं आई शेजारणीला सांगायची, आणि ते खरंच होतं. त्या महिन्यात आपल्या ओळखीची किती माणसं गेली, ते तुम्हाला माहीत आहे.

पण नंतर काहीतरी बिनसलं. तीनशे शब्दांची बातमी अर्ध्या तासात हातावेगळी व्हायची, तिला दोन तास लागायला लागले. एकच परिच्छेद तीनदा वाचायचा. फोन उचलायचा आणि कशासाठी उचलला तेच आठवायचं नाही. बायको बोलायला लागली की दुसऱ्या वाक्यापर्यंत पहिलं निसटलेलं. मी कुणाला बोललो नाही. पत्रकाराची आठवण गेली म्हणजे सुताराचा हात गेल्यासारखंच. काम कोण देणार?

मग मी हळूहळू लोकांना विचारायला लागलो. बातमीसाठी नाही, स्वतःच्या समाधानासाठी. वीस वर्षं इथं रिक्षा चालवणारा एक जण म्हणाला, ओळखीच्या वळणावर क्षणभर कळतच नाही डावीकडे की उजवीकडे. चिक्कीच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा एक जण सुट्टे पैसे तीनदा मोजतो. एका शिक्षिकेला वर्गातल्या मुलांची नावं वहीत बघावी लागतात. घाटात ट्रक चालवणाऱ्या एकानं रात्रीची गाडी सोडून दिली, पगार कमी झाला तरी. प्रत्येक जण शेवटी एकच वाक्य म्हणाला, "कुणाला सांगू नका."

म्हणून मी वाचायला लागलो. हे नवीन आहे का? साथीनंतर माणसांची डोकी अशी कधी थकली होती का? उत्तर मिळालं ते असं, की पूर्वीही झालं होतं, पुन्हा पुन्हा झालं होतं, आणि दर वेळी विसरलं गेलं.

आधी १८८९ ची साथ. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गपासून सुरू झाली, रेल्वे आणि बोटींनी जगभर पसरली, १८९० मध्ये हिंदुस्थानातही आली. तिला 'रशियन फ्लू' म्हणायचे. ताप उतरला तरी लोक महिनोन्‌महिने थकलेले, झोप उडालेली, मन लागत नाही, काही तर भ्रमिष्ट झालेले. ज्युलियस आल्थाउस नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी या साथीनंतरच्या मानसिक आणि मज्जासंस्थेच्या तक्रारींवर १८९० च्या दशकात सविस्तर लिहिलं. म्हणजे आज आपण जे बोलतोय ते सव्वाशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं.

यात एक गंमतीची बाब आहे. आपल्याला साधी सर्दी देणाऱ्या विषाणूंत ओसी ४३ नावाचा एक कोरोना विषाणू आहे. २००५ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी हिशेब मांडला, की हा विषाणू गुरांच्या कोरोना विषाणूपासून साधारण १८९० च्या आसपास वेगळा झाला असावा. म्हणून काही शास्त्रज्ञांना वाटतं, की तो 'रशियन फ्लू' मुळात फ्लू नव्हताच, कोरोनाच होता. हे सिद्ध झालेलं नाही. पण विचार करायला लावणारं आहे.

मग १९१८. आपल्या आज्या-पणज्या जिला 'मानमोडी' म्हणायच्या ती साथ. १० जून १९१८ ला मुंबईत सात पोलीस शिपाई तापानं आजारी पडून इस्पितळात गेले, त्यातल्या एकाची ड्यूटी गोदीवर होती. तिथून सुरुवात. पहिली लाट सौम्य होती. पावसाळा संपता संपता दुसरी आली आणि तिनं कहर केला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. हा ताप देशात आत आत नेण्यात रेल्वेचा मोठा वाटा होता, असं त्या वेळच्या सरकारी आरोग्य अहवालातही आलंय. मुंबईहून पुण्याला येणारी रेल्वे कुठून येते? आपल्या बोरघाटातून. कर्जतला मागून इंजिन लागून खंडाळ्यावर चढणारी प्रत्येक गाडी तेव्हा काय काय घेऊन येत असेल, याचा विचार करा.

देशात किती गेले? सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत अंदाज आहेत. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख झाली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली, असं आपल्या जनगणनेच्या इतिहासात तेवढं एकदाच घडलंय.

आता मुद्द्याची गोष्ट. मेलेल्यांचे निदान अंदाज तरी आहेत. जे वाचले त्यांच्या डोक्याचं काय झालं? आपल्याकडे याचा हिशेब कुणी मांडला नाही. दुष्काळ, युद्धाची महागाई आणि साथ एकदमच आली होती. थकल्यासारखं वाटतंय म्हणून बसून राहायची चैन कुणाला होती?

जिथं नोंदी होत्या तिथं चित्र दिसतं. नॉर्वेचे संशोधक मामेलुंड यांनी तिथल्या मनोरुग्णालयांची जुनी रजिस्टरं तपासली. इन्फ्लुएन्झामुळे मन बिघडलं अशा नोंदीनं पहिल्यांदा दाखल होणाऱ्यांचं प्रमाण १९१८ नंतरच्या सहा वर्षांत सरासरी सातपटीवर गेलेलं सापडलं. नॉर्वेत दिसलं ते मावळात घडलंच नसेल, असं म्हणायला काही आधार नाही. फरक एवढाच, की त्यांच्याकडे रजिस्टर होतं.

त्याच काळात आणखी एक विचित्र आजार आला. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या कॉन्स्टंटिन फॉन एकोनोमो या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. मेंदूला सूज येऊन माणसं दिवसच्या दिवस झोपायची. काही मेली, काही वाचली, आणि वाचलेल्यांतली काही पुढची कित्येक वर्षं पुतळ्यासारखी गोठून बसली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रुग्णांना एल-डोपा हे औषध दिलं तेव्हा काही जण चाळीसेक वर्षांनी बोलायला लागले. या आजाराचा मानमोडीशी संबंध होता का, यावर अजून वाद आहे. पण साथ गेली म्हणजे सगळं गेलं असं नसतं, हे त्यातून दिसतं.

आता आपल्या साथीकडे येऊ. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, दुबईहून आलेलं जोडपं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे असं आपल्याला वाटतं. पण घरात बसून आठवून बघा. पहिली लाट कधी ओसरली? पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या ते वर्ष कोणतं? लॉकडाऊनमध्ये खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचलेल्या त्या उद्योगपती कुटुंबाची बातमी मात्र झटकन आठवेल. भुशी धरणावर बंदी असताना मागच्या वाटेनं गेलेले पर्यटक आठवतील. रेमडेसिविरसाठी रात्र रात्र केलेले फोन आठवतील. "एचआरसीटीचा स्कोअर किती?" हे तर तेव्हा लोक "जेवलात का?" असं विचारावं तसं विचारायचे.

पण त्या सगळ्या आकड्यांत एक आकडा कधीच नव्हता. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी डोकं कसं चालतंय, हे कुणी विचारलं नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला की गोष्ट संपली.

मुळात या आजाराला नाव दिलं ते रुग्णांनी. मे २०२० मध्ये इटलीच्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्व संशोधक बाईंनी स्वतःचा अनुभव लिहिताना 'लाँग कोविड' हा शब्द वापरला आणि तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं व्याख्या केली ऑक्टोबर २०२१ मध्ये. लागण झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या कारणानं समजावता न येणारी लक्षणं, अशी ती व्याख्या. त्यात थकवा, धाप लागणं यांच्या बरोबरीनं विचारशक्ती आणि स्मरणशक्तीवरचा परिणाम स्पष्ट लिहिलाय. आपल्या केंद्र सरकारनंही २०२१ मध्येच कोरोनानंतरच्या तक्रारींसाठी डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे कागदावर हा आजार आहे. गल्लीत तो 'वय झालं' किंवा 'टेन्शन घेतोस' या नावानं ओळखला जातो.

संशोधन काय सांगतं, ते दोन उदाहरणांत सांगतो.

पहिलं २०२२ चं. ब्रिटनमध्ये हजारो लोकांच्या मेंदूचे स्कॅन साथीच्या आधीच काढून ठेवलेले होते. त्यातल्या ७८५ जणांचे पुन्हा काढले. मधल्या काळात ४०१ जणांना कोरोना होऊन गेला होता, बहुतेकांना सौम्य. त्यांच्या मेंदूत वास आणि आठवणीशी जोडलेल्या भागांत थोडी जास्त झीज दिसली, आणि चाचणीत मेंदूचा वेगही थोडा कमी दिसला. फरक सरासरी ०.२ ते २ टक्के. लहान, पण मोजता येण्याजोगा.

दुसरं २०२४ चं, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं. १ लाख १२ हजारांहून जास्त लोकांनी घरबसल्या स्मरणशक्ती आणि तर्काच्या चाचण्या दिल्या. कोरोना न झालेल्यांच्या तुलनेत, होऊन बरे झालेल्यांचे गुण बुद्ध्यंकाच्या मोजपट्टीवर सरासरी ३ नं कमी. ज्यांची लक्षणं गेलीच नव्हती त्यांचे ६ नं कमी. आयसीयूत राहून आलेल्यांचे ९ नं कमी. सुरुवातीच्या विषाणूंच्या वेळी परिणाम जास्त, नंतरच्यांत कमी. आणि धीर देणारी गोष्ट म्हणजे ज्यांची लांबलेली लक्षणं अखेर गेली, त्यांचे गुण लवकर बऱ्या झालेल्यांच्या जवळपास आले होते.

कुणी घाबरू नका. ३ गुणांचा फरक एका माणसाच्या रोजच्या जगण्यात कदाचित कळणारही नाही. बहुतेक लोक ठणठणीत झाले. पण सरासरी म्हणजे सगळ्यांचं सारखंच नसतं. कुणाचं काहीच जात नाही, कुणाचं बरंच जातं. आणि ज्याचं जातं तो घाटात गाडी चालवत असेल तर?

हे होतं कसं? विषाणू मेंदूत घर करून बसतो असं दिसत नाही. जास्त पुरावा आहे तो शरीराच्या स्वतःच्या बचावाचा. ताप गेला तरी आतली सूज धुमसत राहते, मेंदूतल्या राखणदार पेशी नको तितक्या सावध राहतात आणि तिथलं रोजचं काम बिघडवतात. २०२४ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं, की अशा तक्रारी असलेल्या रुग्णांमध्ये मेंदू आणि रक्त यांच्यामधलं जे संरक्षक अस्तर असतं ते झिरपत होतं. हा अभ्यास लहान गटावरचा होता. तरी 'मनाचे खेळ' म्हणून झटकून टाकायची सोय आता राहिलेली नाही.

आता खंडाळ्याबद्दल. आपलं गाव कशासाठी प्रसिद्ध झालं? आज उत्तर येईल वीकेंड, व्हिला, चिक्की, धबधबे. पण त्याआधी इथं लोक 'हवापालट' करायला यायचे. मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची आणि आजारातून उठलेल्या माणसानं महिना-दोन महिने इथं येऊन राहायचं. जुने बंगले, सॅनेटोरियम, आरोग्यभुवनं त्यासाठीच उभी राहिली. शेजारी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, तेही योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे शास्त्रानं तपासायला. हवापालटानं सगळं बरं व्हायचं असा माझा दावा नाही. पण त्यामागे एक समजूत होती: ताप उतरणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं. मधल्या काळाला जागा होती. घरातही होती. मेतकूट-भात, पथ्य, दुपारची झोप, "अजून अंगात शक्ती भरली नाही, त्याला काम सांगू नका" असं म्हणणारी आजी.

ती समजूत आपण २०२१ मध्ये एका झटक्यात सोडून दिली. पंधराव्या दिवशी कामावर. आणि आपलंही चुकलं असं नाही, हप्ते थांबणार नव्हते. ज्या गावाची ओळखच 'सावकाश बरं होण्याचं ठिकाण' अशी होती, त्या गावातल्या रिक्षावाल्याला, वेटरला, माळ्याला सावकाश बरं व्हायला चार दिवस मिळाले नाहीत.

विसरण्यात आपला घाटही जुना आहे. ही रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. ती बांधताना सुमारे २५ हजार मजूर मेले असावेत असं सांगतात, त्यात पटकीसारख्या रोगांचा वाटा मोठा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर काही आठवड्यांतच १८५९ मध्ये वारला आणि त्याच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट पुढे नेलं. तिचं नाव तरी इतिहासात आहे. मजुरांची नावं कुठायत? गावोगावच्या लोकांनी निदान वेशीवर मरीआई बसवली. अमुक साली पटकी आली होती, एवढी तरी आठवण त्या दगडात राहिली. कोरोनाची अशी आठवण आपण कुठं ठेवली? १९१८ ची हानी दाखवायला १९२१ ची जनगणना होती. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही. सरकारी आकडा साडेपाच लाखांच्या आत, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सत्तेचाळीस लाखांचा, आणि सरकारला तो मान्य नाही. मेलेल्यांवर एकमत नाही, तिथं जिवंत माणसांच्या विसराळूपणाची नोंद कोण ठेवणार?

म्हणून चार गोष्टी सांगतो. डॉक्टर म्हणून नाही, यातून गेलेला माणूस म्हणून.

एक, लाजू नका. डॉक्टरांकडे जा आणि "कोरोनानंतर असं होतंय" हे तोंडानं सांगा. दर वेळी कारण कोरोनाच असेल असं नाही. थायरॉइड, साखर, रक्त कमी असणं, झोप, मनाची उदासी, आणि बी-१२. आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरं भरपूर आहेत, त्यांच्यात बी-१२ ची कमतरता नेहमी सापडते आणि तिच्यावर स्वस्त उपाय आहे. माझंही बी-१२ कमीच निघालं. त्यानं थोडा फरक पडला, सगळा नाही.

दोन, यावर रामबाण गोळी अजून नाही. कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

तीन, दमेपर्यंत रेटू नका. पावसाळ्यात घाटात दाट धुकं आलं की आपण काय करतो? वेग कमी, दिवे चालू, ओव्हरटेक बंद. मी तेच केलं. एका वेळी एक काम, खिशात डायरी, मुलाखतीला रेकॉर्डर, दुपारी अर्धा तास आडवा. वर्ष-सव्वा वर्षात बरंचसं परत आलं. सगळं आलंय असं छातीठोकपणे सांगत नाही.

चार, नगरपरिषद आणि तालुक्याच्या आरोग्य खात्याला जाहीर विनंती. आरोग्य शिबिरांत बीपी-शुगर तपासता, तिथंच एक प्रश्न वाढवा: "कोरोनानंतर आठवणीत, लक्षात काही फरक पडलाय का?" आणि ज्यांच्या हातात स्टिअरिंग आहे, ज्यांच्या जिवावर घाटातली रेल्वे चालते, त्यांनी हो म्हटलं तर नोकरी जाणार नाही, हलकं काम मिळेल, अशी काहीतरी व्यवस्था करा. नाहीतर कुणी खरं सांगणारच नाही.

माझ्यापुरतं मी एक काम सुरू केलंय. एक दोनशे पानी वही घेतलीय. खंडाळा, लोणावळा आणि मावळातल्या ज्या कुणाला हा अनुभव आला, त्यांनी मला मेसेज करा किंवा गाठून सांगा. कधी झाला, किती दिवस, काय विसरायला होत होतं, काय परत आलं. नाव लिहिणार नाही, फक्त वय आणि काम. काही जणांचं लिहूनही झालंय. पहिल्या पानावर माझंच आहे, अमृतांजन पुलापासून सुरुवात करून.

मानमोडीतून वाचलेल्या आपल्या पणज्या पुढे कशा जगल्या, हे आपल्या घरांत कुणाला सांगता येत नाही. आपल्या पतवंडांवर तरी ती वेळ येऊ नये.